जत-माणच्या उन्हापासून इंधन: डिस्टिलरीचा सीओटू धरून हिशोब मांडलाय, तपासून बघा

कुपवाडकर
नमस्कार मंडळी. हवेतून पेट्रोल, पाण्यावर डिझेल, जतच्या माळावर सोलर लावलं की अरबांची गरज संपली, असले फॉरवर्ड आमच्या गावच्या ग्रुपवर सुरू झालेत आणि खाली नुसती अंगठ्यांची रांग. वैताग याचाच येतो की यातलं अर्धं खरं आहे. मी एमआयडीसीत केमिकल प्लांटची कामं करतो, म्हणून म्हटलं एकदा बसून हिशोब मांडावा.

पेट्रोल-डिझेल म्हणजे शेवटी कार्बन आणि हायड्रोजन. हायड्रोजन पाण्यातून विजेनं वेगळा करायचा, कार्बन सीओटूतून घ्यायचा, आणि दोन्ही दाबून तांबं-जस्ताच्या कॅटॅलिस्टवरून (क्रियेला वेग देणारा पदार्थ) सोडायचे, साधारण अडीचशे डिग्री आणि ५० ते १०० बार, की मिथेनॉल निघतं. त्याच्यापासून पुढं पेट्रोल करा नाहीतर विमानाचं इंधन. विद्या जुनीच आहे, फिशर आणि ट्रॉप्श या दोघांनी जर्मनीत १९२५ च्या सुमारास कोळशाच्या गॅसपासून तेल काढून दाखवलं होतं, दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी १९५५ पासून तोच धंदा करतंय. आइसलँडमध्ये २०१२ पासून जमिनीतल्या वाफेबरोबर वर येणारा सीओटू धरून मिथेनॉल करायला लागले, नंतर क्षमता वर्षाला ४ हजार टनांवर नेली. नवीन एवढंच की आता कोळशाच्या जागी सोलरची वीज.

आता आपल्याकडं काय? हवेत सीओटू असतो ०.०४ टक्के, तो गाळत बसायचं म्हणजे खर्चाचं काम. पण डिस्टिलरीत मळी आंबताना जो निघतो तो जवळजवळ शुद्ध असतो आणि फुकट हवेत जातो. एक लिटर अल्कोहोलमागं साधारण पाऊण किलो. दिवसाला ३० हजार लिटरची डिस्टिलरी धरा, सांगली-साताऱ्यात ही छोटीच म्हणायची, तर २२ टन सीओटू रोज. त्यातून १६ टन मिथेनॉल होईल. त्याला ३ टन हायड्रोजन लागतो, आणि एका किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज. म्हणजे दिवसाला एक लाख पासष्ट हजार युनिट. एक मेगावॅट सोलर आपल्याकडं दिवसाला सव्वाचार हजार युनिटच्या आसपास देतं, म्हणजे झाले ४० मेगावॅट, जागा १६० एकर. एका छोट्या डिस्टिलरीसाठी.

आता बोला.

डिस्टिलरी_शिफ्ट_बी
आकडा बरोबर आहे. कराड भागात नोकरीला आहे, कारखान्याचं नाव घेत नाही. फर्मेंटर (मळी आंबायची टाकी) भरात असला की वरचं झाकण उघडून बघा, दुधासारखा फेस आणि खालनं खदखदणं सुरू, नाकाला झिणझिण्या येतात, मान आत घालायची सोय नाही. सीओटू हवेपेक्षा जड, खाली बसतो. टाकी धुवायला माणूस उतरवायच्या आधी हवा मारायची, मीटर लावायचा, वर एक जण दोरी धरून उभा, हे नियम कुणीतरी जीव घालवल्यावरच आलेत.

पण सगळाच हवेत जातो असं नाही बरं का. काही ठिकाणी सीओटू प्लांट आहेत, धुऊन दाबून टँकरनं जातो, कोल्ड्रिंकवाले, ड्राय आइसवाले, वेल्डिंगवाले घेतात. तो फुकट मिळेल हे डोक्यातनं काढा, गिऱ्हाईक उभं राहिलं की भाव लागतो. आणि बॉयलरच्या चिमणीतला धरायचा विचार असेल तर त्यात १२-१४ टक्केच सीओटू, बाकी नायट्रोजन, तो वेगळा करायला परत वाफ जाळा.

माणदेशी
सगळं खरं पण पाणी कुठनं आणणार ते सांगा की राव. हायड्रोजन पाण्यातनं काढायचा म्हणताय. आमच्याकडं म्हसवडच्या खाली उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरी लायनीत असतात आणि तुम्ही तिथं पाणी फोडायची मशीन लावणार? पवनचक्क्या आल्या तेव्हा पण असंच गोड बोलले होते. डोंगर गेला, रस्ते झाले त्यांच्या ट्रकसाठी, वीज गेली मुंबईला.

कुपवाडकर
माणदेशी, प्रश्न रास्त आहे म्हणून नीट सांगतो. किलोभर हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं, हे रसायनशास्त्रातलं, कमी होत नाही. प्रत्यक्षात जास्त, कारण आपल्या बोअरचं पाणी क्षारानं भरलेलं, इलेक्ट्रोलायझरला (त्या पाणी फोडायच्या मशीनला) बॅटरीत घालतो त्याच्याहून शुद्ध पाणी लागतं, आरओचं वाया जाणारं आलं, कूलिंगचं आलं. दुप्पट धरा. ३ टनाला ५५-६० हजार लिटर रोज. दहा हजारवाले सहा टँकर. ऐकायला भयंकर वाटतं, मान्य.

पण वर्षाचं करून बघा, दोन सव्वादोन कोटी लिटर. पाटानं पाणी दिलेला एक एकर ऊस वर्षाला ८० लाख ते एक कोटी लिटर पितो. म्हणजे आख्खा प्लांट दोन-तीन एकर उसाएवढं पाणी पिणार. आपण ज्या जिल्ह्यात राहतो तिथं दोन-तीन एकर उसाचं कुणाला काही वाटत नाही! शिवाय मिथेनॉल होताना त्यातलं एक तृतीयांश पाणी परत निघतं, ते साफ करून फिरवता येतं. आणि प्लांट माणमध्ये ठेवायची गरजच नाही, तो डिस्टिलरीच्या शेजारी नदीकाठी, सोलर तुमच्याकडं, मधे तार.

माणदेशी
म्हणजे परत ऊन आमचं, कारखाना कृष्णाकाठी. बरंय.

बेदाणा_जत
तार म्हणताय तर तारंचंच ऐका. आपलं बेदाणा धुवायचं शेड हाय, छपरावर सोलर टाकलंय. सीजन संपला की शेडला लोड न्हाई, सगळी वीज लायनीला जाती. तर दुपारी साडेबारा एकला ऊन रट्टावून पडलेलं आसतंय आणि इन्व्हर्टर बंद, लाल लाइट, मोबाईलवर मेसेज ग्रिड ओव्हरव्होल्टेज. आजूबाजूला पण सगळ्यांचं सोलर चालू, गावात भर दुपारी वीज वापरणार कोण, व्होल्टेज चढतंय २६०-२६५ ला आणि मशीन सोताहून ट्रिप. पाच-धा मिनिटांनी चालू, परत बंद. तक्रार दिली तर साहेब म्हणाले ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलू. अजून बदलतायत.

मला एवढंच कळतं, जी वीज वाया चाललीय ती कशात तरी घाला. हायड्रोजन करा, पेट्रोल करा, काय करायचं ते करा.

जमिनीचं म्हणाल तर सौर कृषी वाहिनीत हेक्टरी सव्वा लाख भाडं मिळतंय वर्षाला, वर ३ टक्के वाढ. कुसळं उगवणाऱ्या माळाला कुणी इतकं दिलं नव्हतं. १६० एकर जतमधे न्हाई घावणार व्हय? चार घरात घावंल.

निवृत्त_अभियंता_सातारा
जतच्या मित्राचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष जपून काढावा लागेल. आयुष्य वीज खात्यात गेलं म्हणून सांगतो.

वाया जाणारी वीज दिवसातून दोन-तीन तास असते. तेवढ्यासाठी कोट्यवधींचा इलेक्ट्रोलायझर बसवायचा आणि उरलेले एकवीस तास झाकून ठेवायचा, हे बँक मान्य करणार नाही. फक्त सोलरवर चालवला तरी तो वर्षाच्या २०-२५ टक्केच चालतो. गळिताच्या चार महिन्यांसाठी बारा महिने पगार देण्यासारखंच आहे हे. त्यात अल्कलाइन प्रकारचं मशीन (आत कॉस्टिक पोटॅशचं पाणी असतं) फार कमी लोडवर चालवता येत नाही, हायड्रोजन पडद्यातून ऑक्सिजनच्या बाजूला झिरपायला लागतो आणि ते मिश्रण स्फोटक. ढग आला की मशीन खाली, ढग गेला की वर, असं करत बसता येत नाही. पीईएम प्रकारचं मशीन (आत प्लास्टिकचा पातळ पडदा असतो) ते सोसतं, पण त्यात इरिडियम हा दुर्मिळ धातू लागतो, त्याची किंमत विचारू नका. पुढचा मिथेनॉलचा रिअॅक्टर तर अजून नाजूक, त्याला सतत गॅस हवा, म्हणजे हायड्रोजनच्या टाक्या आल्या.

त्यामुळे माझं मत असं की सोलर एकट्यानं भागणार नाही, वारा जोडीला हवा. वनकुसवड्याचं पठार आणि ढालगावचा पट्टा, दोन्हीकडे खरा वारा जून ते सप्टेंबर, म्हणजे ज्या महिन्यांत सोलर झोपतं त्याच महिन्यांत. हा योग सगळीकडे नाही. जुन्या लहान पवनचक्क्या काढून त्याच जागी मोठ्या लावल्या तर माणदेशींचा डोंगर आणखी न घेता वीज वाढेल.

जाता जाता एक. हे सगळं भारताला नवीन आहे असं समजू नका. साठच्या दशकात पंजाबात नांगलला भाक्राच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढत, त्याचा अमोनिया, त्याचं खत. देशातला पहिला जड पाण्याचा (अणुभट्टीत वापरतात ते) कारखाना १९६२ मध्ये तिथंच निघाला तो त्या हायड्रोजनच्या आधारानं. इजिप्तमध्ये आस्वानला धरणाच्या विजेवर हेच चालायचं. पुढे वीज दुसरीकडे हवीशी झाली, नाफ्था (कच्च्या तेलातून निघतो तो) आणि गॅस स्वस्त वाटले, खत कारखाने तिकडे वळले.

वालचंद_थर्ड_इयर
काका लोकहो एक बेसिक गोष्ट कुणी बोलतच नाहीये. एक किलो मिथेनॉलला सगळं धरून ११ युनिट जातात. त्या किलोत उष्णता साडेपाच युनिटची. अर्धं तर तिथंच गेलं. आता ते पेट्रोलच्या हिशोबात ०.६ लिटर, माझी गाडी ५० चं अॅव्हरेज देते म्हणजे ३० किमी. तीच ११ युनिट इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीत भरली तर ३०० किमी आरामात. ३० आणि ३००. विश्रामबागेतून गणपती मंदिरात जायला हवेतून पेट्रोल कशाला करायचंय, सिरीयसली??

पंपाचं पण तेच, सोलर पंप थेट चालतोय की.

कुपवाडकर
शंभर टक्के. ज्याला वायर लावता येते त्याला वायरच लावावी. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पंप सोलरवर नेले तर तिथल्या बिलाचा बोजा उतरेल, आत्ता ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी भरतो. ते आधी. इंधन करायचं ते जिथं वायर जात नाही तिथं: विमान, समुद्रातली जहाजं, खत, आणि केमिकल कारखान्यांना लागणारं मिथेनॉल, जे आज आपण बहुतेक सगळं बाहेरून आणतो.

ताई_पलूस
खताचा विषय निघाला म्हणून लिहितेय. आमच्याकडं द्राक्षं आणि ऊस दोन्ही, त्यामुळं युरियाच्या लायनीत उभं राहायचा अनुभव दांडगा. अमोनियाला किलोमागं साधारण १० युनिट लागतात असं वाचलं, मग ४५ किलोच्या एका युरियाच्या गोणीला २५ किलो अमोनिया म्हणजे अडीचशे युनिट. तीन रुपयांनं वीज धरली तर नुसत्या विजेचे साडेसातशे. गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशाला. म्हणजे सरकारनं सबसिडी गॅसऐवजी उन्हाला दिली तरच जमेल ना? आणि युरियाला सीओटू पण लागतोच, गोणीला ३३ किलो, तो डिस्टिलरीचा चालेल की.

दुसरं, पुण्याच्या एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मिथेनॉलपासून होणारा डीएमई गॅस एलपीजीत मिसळून चालणारा बर्नर काढलाय, अदिती ऊर्जा संच नाव आहे. सिलेंडरला पर्याय म्हणून हे कुणी बोलत का नाही? पेट्रोल पेट्रोल करताय सगळे, स्वयंपाकघरात कोण येतच नाही :)

डिस्टिलरी_शिफ्ट_बी
ताई मुद्दा एक नंबर. पण मिथेनॉल म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो ते सांगतो. मिथेनॉल आणि इथेनॉल दिसायला सारखं, वासाला जवळपास सारखं. एक पिऊन माणूस झिंगतो, दुसरं पिऊन आंधळा होतो नाहीतर मरतो. मुंबईच्या मालवणीत २०१५ ला शंभरावर माणसं गेली ती यामुळंच. एका कंपाउंडमधे दोन्हीच्या टाक्या ठेवायच्या म्हटलं तर एक्साइजचा माणूस झोपणार नाही आणि आम्ही पण. एक टँकर चुकीच्या व्हॉल्व्हला लागला तर? शिवाय मिथेनॉल जळताना दिवसा ज्योत दिसत नाही, आग लागलीय हे हात भाजल्यावर कळतं. मिथेनॉल करायचं असेल तर भिंतीपलीकडं, वेगळं गेट, वेगळं लायसन, वेगळी माणसं. सीओटूची पाइप तेवढी भिंतीतून जाऊ द्या.

हॅम्बुर्गचा_सांगलीकर
उशिरा येतोय, इथं जहाजांच्या इंधनाशी संबंधित काम करतो म्हणून थोडं लिहितो. मेर्स्क या जहाज कंपनीनं २०२३ मध्ये ग्रीन मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज उतरवलं, आता अडचण जहाजांची नाही, तेवढं मिथेनॉल मिळत नाही ही आहे. विमानांसाठी युरोपनं कायदाच केलाय, २०३० पासून ६ टक्के पर्यायी इंधन आणि त्या ६ पैकी १.२ टक्के विजेपासून केलेलं. भारतानं आंतरराष्ट्रीय विमानांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ टक्के ठरवलंय. पुण्याहून दिल्लीला मे २०२३ मध्ये प्राज कंपनीनं केलेलं इंधन थोडं मिसळून एक विमान उडालंही.

चिलीत हारू ओनीला २०२२ च्या डिसेंबरात वाऱ्याच्या विजेवर पेट्रोल निघालं, पायलट, वर्षाला १ लाख ३० हजार लिटरचा. नामिबियात, मोरोक्कोत, ओमानमध्ये मोठमोठ्या योजना जाहीर आहेत. पण नामिबियाची गोची बघा, ऊन आणि वारा भरपूर पण वाळवंटात सीओटू कुठला, म्हणून त्यांना अमोनियाकडं जावं लागतं. तुम्ही जो सीओटू हवेत सोडताय तो तिथं नाही.

आणि महत्त्वाचं, युरोपच्या नियमात कोळशाच्या वीजकेंद्राचा सीओटू वापरून केलेलं इंधन २०३६ पासून हिरवं धरणार नाहीत, इतर कारखान्यांचा २०४१ पर्यंतच. ऊस-मळीच्या सीओटूला ती मुदत नाही. एनटीपीसीनं विंध्याचलला चिमणीतला सीओटू धरून मिथेनॉल काढायला २०२४ मध्ये सुरुवात केली, काम चांगलंच आहे, पण या नियमापुढं कराडच्या डिस्टिलरीचा माल जास्त टिकेल.

माणदेशी
म्हणजे शेवटी आमच्या उन्हावर जर्मनीची विमानं. आम्ही काय करायचं, खाली उभं राहून हात हलवायचा?

हॅम्बुर्गचा_सांगलीकर
टोमणा पोचला :) पण खरं सांगतो, आत्ता जास्त पैसे मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक तेच आहे. ते नसेल तर पहिला प्लांट उभा कोण करणार? नामिबियात पण लोक हेच विचारतायत, तिथं तर अजून जवळजवळ निम्म्या लोकांच्या घरात वीज नाही.

निवृत्त_अभियंता_सातारा
माणदेशींचा प्रश्न टोमण्यावारी नेऊ नये. कोयनेचा अनुभव डोळ्यांसमोर आहे, १९६० मेगावॅट तयार होतात आणि धरणग्रस्तांची पुनर्वसनाची प्रकरणं अजून निघतात. भाडं हा एक मार्ग झाला, पण भाडं म्हणजे भागीदारी नव्हे. आपल्याकडे सहकारी कारखान्यात उसाबरोबर शेअर असतो. सोलरच्या जमिनीबरोबर शेअर का नसावा? जतचा शेतकरी मिथेनॉलच्या कंपनीत सभासद असेल तर वार्षिक सभेत उठून विचारू तरी शकेल.

बेदाणा_जत
सभेत विचारून एफआरपीचं (उसाच्या ठरलेल्या दराचं) काय होतंय ते बघतोय की दरवर्षी 😄 मला रोख भाडं बरं.

वालचंद_थर्ड_इयर
कुपवाडकर सर, किलोला येतो किती ते सांगा ना, सगळे मुद्दे झाले पण दर कुणी काढला नाही

कुपवाडकर
विजेचाच काढतो. ११ युनिट गुणिले तीन रुपये, ३३ रुपये किलो, नुसती वीज. इलेक्ट्रोलायझरचे हप्ते, टाक्या, कॉम्प्रेसर, माणसं, सीओटूचा भाव अजून धरलाच नाही. बाजारात बाहेरून आलेलं मिथेनॉल साधारण त्याच भावात मिळतं, म्हणजे आपण फक्त विजेतच बरोबरीला आलो. वीज दीड रुपयाला मिळाली आणि मशीन दिवसाला बारा-पंधरा तास चाललं तर बोलण्यासारखं काहीतरी होईल. पहिली गोष्ट सोलरच्या किमती ज्या वेगानं पडल्या ते बघता अशक्य वाटत नाही, दुसरीला काकांनी सांगितलेला वारा पाहिजे. केंद्राच्या ग्रीन हायड्रोजन मिशनमध्ये १९,७४४ कोटी ठेवलेत, जानेवारी २०२३ ची मंजुरी, २०३० ला वर्षाला ५० लाख टनांचं टार्गेट, पण त्यातला पैसा मोठ्या बंदरांकडं आणि मोठ्या कंपन्यांकडं जास्त जाणार, तालुक्यातल्या डिस्टिलरीला कोण विचारतो.

म्हणून माझं म्हणणं, ४० मेगावॅटचं स्वप्न बाजूला ठेवा. एक मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर, एका डिस्टिलरीशेजारी, जी आधीच सीओटू धरते तिथंच. त्यातून दिवसाला जेवढं मिथेनॉल निघेल ते कुरकुंभ-लोट्याच्या केमिकलवाल्यांना विकायचं, इंधन म्हणून नाहीच. गाडीत जाळायच्या भावात ते कधीच परवडणार नाही, केमिकल म्हणून दोन पैसे जास्त मिळतात. मशीन ढगात कसं वागतं, पाण्याला किती खर्च येतो, हे आपल्या मातीवर कळेल. शिफ्ट बी, तुमच्याकडं वरिष्ठांच्या कानावर घालता येईल का?

डिस्टिलरी_शिफ्ट_बी
कानावर घालायला काय, घालतो. पण गळीत सुरू व्हायच्या तोंडावर कोण ऐकत नाही, मार्चनंतर बघू. तोवर एक करता येईल, आमच्या फर्मेंटरचा किती सीओटू प्रत्यक्षात धरला जातो आणि किती उडतो ते शिफ्टवाइज लिहून ठेवतो. कागदावरच्या पाऊण किलोत आणि खऱ्यात फरक पडणार, पहिल्या दोन तासांचा गॅस हवा मिसळलेला असतो, तो सोडूनच द्यावा लागतो.

कुपवाडकर
भारी, तेच पाहिजे. आणि बेदाणा_जत, तुमच्या इन्व्हर्टरचा ट्रिपचा लॉग मिळेल का एप्रिल-मेचा? दुपारी नक्की किती युनिट वाया जातात ते कुणीच मोजलेलं नाही, सगळे अंदाजावर बोलतायत.

बेदाणा_जत
देतो की. पण त्या अॅपमधनं फाइल कशी काढायची ते पोराला म्हायती आणि पोरगं पुण्यात. रविवारी येतंय, मग टाकतो.

ताई_पलूस
आणि माझ्या डीएमईच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलंच नाही!